गोबरगॅसची गिरणी

"कुनाला खरं वाटायचं न्हाई," असं म्हणत आसारामनं गिरणीच्या इंजिनावर थाप मारली. समोरच्या बन्सीच्या गिरणीला आज महिन्यानं डिझेल मिळालं होतं, आणि दळणाच्या पाट्या डोक्यावर घेऊन बायका दोन्ही गिरण्यांच्या मधे घुटमळत होत्या. त्या बन्सीकडं वळल्या तर आसारामचा गोबरगॅस नुसता चहा उकळायला उरणार होता. "गावात पहिलं गॅसवरचं इंजिन आपलं. एकदा गॅसला इतका जोर आला, की गिरनीचा दगड उडाला तो थेट जामखेडच्या बाजारात पडला. लोकांनी शेंदूर फासलाय, नवसाला पावतो. अन् दुष्काळात बन्सीची गिरनी बंद, पर ही एक दिसबी थांबली न्हाई." बायका हसत आत आल्या. रंगुबाईनं मात्र डोक्यावरची पाटी उतरवलीच नाही. "आसारामभाऊ, दुष्काळभर गावची समदी जनावरं नगरला छावनीत हुती. मंग टाकीत शेन कुनाचं घालत हुता?"