दोन ओव्हन

"लोणी मऊ झालं का गं तुझं?" थोरलीने फोनवरून विचारलं.

धाकटीने बोट खुपसून पाहिलं. "झालं. तुझं?"

"माझं केव्हाच. तुला दर वर्षी उशीरच."

धाकटीचा फोन स्पीकरवर लावून साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला होता. सणाच्या आधीच्या आठवड्यात, ठरलेल्या दुपारी, दोघी बहिणी आपापल्या गावी, आपापल्या ओट्याशी उभ्या राहून बिस्किटं करायच्या. फोन चालूच. एकीने साखर घातली की दुसरीनेही घालायची. मग दुसऱ्या दिवशी दोघींनी एकमेकींना डझनभर बिस्किटांचा डबा पाठवायचा आणि आलेल्या डब्यात खोट काढायची. एकतीस वर्षांत हे एकदाही चुकलं नव्हतं.

"साखर बेतानं घाल, ठके. मागच्या वेळी दात शिवशिवले माझे."

"कुठले? रात्री कपात ठेवतेस ते?"

"तोंड सांभाळ. मोठी बहीण आहे मी."

दोघी हसल्या. धाकटीने मैदा चाळला, संत्र्याची साल किसून घातली. सालीखालचं पांढरं येऊ देऊ नकोस, कडू होतं, असं थोरलीने बजावलं. तेही दर वर्षी बजावायची. पीठ मळून धाकटीने गोळा कापडात गुंडाळला आणि फ्रिजमध्ये ठेवला. आता अर्धा तास थांबायचं. हा नियम थोरलीचाच. गोळा चांगला गारठला नाही तर बिस्किटं ट्रेवर पसरतात, आणि पसरलेल्या बिस्किटांना ती पोतेरी म्हणायची.

धाकटी हात पुसत स्टुलावर टेकली. "सूनबाई काय म्हणतात?"

"काय म्हणणार? आत्ताच डोकावून गेली. म्हणाली, आई, घरभर वास सुटलाय." थोरलीने लगेच पुढे जोडलं. "आणि हो, माझा पहिला ट्रे आत गेला बरं का."

धाकटीने घड्याळाकडे पाहिलं. गोळे गारठायला ठेवून जेमतेम आठ मिनिटं झाली होती.

तिने फोन उचलून कानाला लावला. थोरलीच्या ओव्हनचं दार जुनं होतं, लावताना किंचाळायचं. 'ओरडला गं म्हातारा', असं म्हणून दोघी दर वेळी हसायच्या. आज कुणी ओरडलं नव्हतं. लाटण्याचा आवाज नव्हता, नळाचा नव्हता. लांब कुठेतरी टीव्ही मोठ्याने लावलेला होता आणि एक म्हातारा माणूस सारखा खोकत होता. थोरलीच्या घरात खोकायला आता कुणी म्हातारं उरलेलं नव्हतं.

मग फोनच्या अगदी जवळ एका बाईचा आवाज आला. "आजी, चहाची गाडी आलीय. आणि सात नंबरच्या आजी कुठं गेल्या, पाहिलंत का?"

"पाहिलं नाही हो. आलेच मी," थोरली दबक्या आवाजात म्हणाली. मग फोनमध्ये, मोठ्याने, "नवी कामवाली आहे गं. फार बडबडी."

घरात आज्यांना नंबर नसतात.

घराचं रंगकाम काढलंय, इतक्यात येऊ नकोस मावशी, असं भाच्याने उन्हाळ्यात सांगितलं होतं. नंतर पुन्हा एकदा सांगितलं. रंगकामाला इतके दिवस कसे लागतात, हे धाकटीने विचारलं नव्हतं.

आत्ताही विचारता आलं असतं. पण मग ते केव्हाच मऊ झालेलं लोणी, तो ट्रे, डोकावून गेलेली सून, सगळंच उघडं पडलं असतं. थोरलीला ते सोसलं नसतं. पुढच्या वर्षी या दुपारी फोन वाजला नसता.

"ट्रेकडे लक्ष ठेव," धाकटी म्हणाली. "करपवशील."

"करपवणारी तू. मी नव्हे." थोरलीचा आवाज क्षणभर पूर्वीसारखा झाला. "कडा बघ कशा लाल होतायत. तुझ्या सात पिढ्यांना जमायचं नाही."

"माझ्या सात पिढ्या त्या तुझ्याच."

थोरली हसली नाही. ती म्हणाली, "ठके, डब्याचं काय करायचं गं? कुरियरवाल्यांचा यंदा काही भरवसा नाही म्हणतात. मी पाठवायचा, आणि तो पोचलाच नाही तर..."

"मला पाठवूच नकोस," धाकटी घाईने म्हणाली. "डॉक्टरांनी गोड बंद केलंय माझं."

"केव्हापासून?"

"आजपासून."

फोनमध्ये नुसता टीव्ही ऐकू येत राहिला. कुणीतरी कसलातरी खेळ जिंकला असावा, टाळ्या वाजत होत्या.

"बरं झालं," थोरली म्हणाली. "माझी एक खेप वाचली." तिने नाक ओढलं. "तू पाठवशील ना पण? का तुझाही डॉक्टर नको म्हणतो?"

"पाठवते की. उद्याच."

धाकटीने खिडकीतली पेन्सिल घेतली. मैद्याच्या पिशवीचा एक कोपरा फाडून सरळ केला. एवढ्या वर्षांत थोरलीचा पत्ता तिला कधी लिहून घ्यावा लागला नव्हता.

"कुठं पाठवू, ताई?"

पलीकडे कपबश्यांची किणकिण जवळ आली, थांबली, आणि पुढे निघून गेली.

"डबा लहान पाठव," थोरली म्हणाली. "इथं कपाट छोटं आहे."