पिवळ्या पट्टीचा डबा

"तीन तास आहेत," मॅनेजर क्लाइव म्हणाला. "पण तू उगीच घाम गाळू नकोस. नेहमीसारखं वाजवल्यासारखं कर, झालं."

एमलिन गिटारच्या तारा जुळवत होता. त्याचा जबडा आवळलेला होता.

नियम वादकांच्या संघटनेचा होता. टीव्हीवर गाणे दाखवायचे, तर ते त्याच दिवशी स्टुडिओत नव्याने वाजवायचे. संध्याकाळी तीच टेप लागणार आणि कलाकाराने कॅमेऱ्यासमोर नुसते ओठ आणि बोटे हलवायची. पण प्रत्यक्षात नुसते वाजवल्यासारखे करून झाले, की मॅनेजर संघटनेच्या माणसाला पबमध्ये नेई. तेवढ्या वेळात नवी टेप बाजूला पडे आणि रेकॉर्डची मूळ टेप तिची जागा घेई. हे सगळ्यांना ठाऊक होते, बहुधा संघटनेच्या माणसालाही.

रेकॉर्डवर नाव एकट्या एमलिन प्रॉसरचे होते. आवाज त्याचाच होता. मधला गिटारचा तुकडा मात्र त्याचा नव्हता.

सहासष्ट साली वेल्समधल्या खाणकामगारांच्या क्लबात त्याने वाजवायला सुरुवात केली. मग लंडन, चौघांचा बँड, चंदेरी सूट, गालांवर चमकी, चार इंची टाचांचे बूट. बँडच्या प्रत्येक फोटोत पुढे दुसराच कोणी असे, म्हणून गेल्या वर्षी तो भांडून बाहेर पडला. याच स्टुडिओत स्वतःच्या नावाची पहिली रेकॉर्ड करायला घेतली. मार्चमधल्या एका रविवारी आईला चॅपलमध्ये न्यायला तो गावी गेला आणि सोमवारी परतला, तेव्हा तो तुकडा टेपवर चढलेला होता.

"तुला जमत नव्हतं. कोणीतरी मिळाला," एवढेच क्लाइव म्हणाला होता. नाव त्याने कधीच सांगितले नाही.

आज एमलिनने खरोखर वाजवले. तीनदा. तिसऱ्या खेपेला तुकड्याच्या शेवटी त्याने चॅपलमधल्या एका स्तोत्राचे चार सूर घातले. रेकॉर्डवर ते नव्हते. काचेपलीकडे टेपचे यंत्र सांभाळणारा गॅरी मान खाली घालून ऐकत होता.

गॅरी चाळिशीचा, मूळ मुंबईचा ज्यू, रोज लंडनजवळच्या स्लाऊहून ट्रेनने येणारा. त्याचे खरे नाव गर्शोन, पण ते उच्चारायचे कष्ट कोणी घेत नसे. शनिवारी तो कामाला हात लावत नसे. त्याच्या बदल्यात रविवारी, बाकीचे घरी बसून भाजलेले मटण खात, तेव्हा स्टुडिओच्या किल्ल्या त्याच्याकडे असत.

क्लाइव संघटनेच्या माणसाच्या खांद्यावर हात टाकून बाहेर पडला. एमलिन काचेच्या खोलीत शिरला. टेबलावर दोन सारखे डबे होते. रेकॉर्डच्या डब्यावर पिवळी पट्टी होती.

"गॅरी, माझी टेप लाव."

"माझी नोकरी जाईल."

"कोणाला कळणार आहे?"

"क्लाइवला. त्याला कान आहेत."

"कान असते, तर त्यानं हे भाड्याचं वाजवणं ठेवलं असतं?" एमलिनने पिवळ्या पट्टीवर बोट आपटले. "कोण असेल रे हा? चोरासारखा आला, माझ्या नावाखाली वाजवून गेला. नीट ऐकलंयस कधी? मेल्या माणसाची बोटं वाटतात."

"ऐकलंय."

"मग?"

"दुसऱ्या ओळीत घाई केलीय त्यानं," गॅरी म्हणाला. "बाकी बरं आहे."

"बरं? तू आपला टेपा गुंडाळ. गिटारमधलं तुला काय कळतंय."

गॅरीने पत्र्याचा मग डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर उचलला. चहा वाफाळत होता. त्याने सावकाश एक घोट घेतला.

"नाव घालू का, असं त्याला कोणी विचारलं असेल का पण?"

"कोणी विचारलं नाही म्हणून गप्प बसतो तो भेकडच."

गॅरीच्या मानेवरची शीर टरारली. त्याने चहाचा मग खाली ठेवला.

"मेकअपला जा," तो म्हणाला. "सहाला बोलावतील."

सहा वाजता एमलिन दिव्यांखाली उभा राहिला. समोर पोरी नाचत होत्या. पहिले कडवे गेले, दुसरे गेले. तुकडा सुरू झाला तशी त्याने दातओठ खात तारांवर बोटे ठेवली, दुसऱ्याच्या बोटांची नक्कल करायला.

मग शेवटी चार सूर आले. चॅपलमधले.

त्याचा हात क्षणभर थांबलाच. कॅमेऱ्यामागे क्लाइवचा चेहरा पांढराफटक पडला होता.

कार्यक्रम संपला तेव्हा कॉरिडॉरमध्ये क्लाइवचा आवाज घुमत होता. "डबे बदलायला विसरलास? विसरलास? उद्यापासून तोंड दाखवू नकोस." गॅरी कोट चढवत होता.

उंच टाचांवर अडखळत एमलिनने त्याला दारापाशी गाठले आणि त्याचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"गॅरी, हे मी जन्मात विसरणार नाही. माझ्यासाठी तू नोकरीवर पाणी सोडलंस."

गॅरीच्या काखेत पिवळ्या पट्टीचा डबा होता. त्याने हात सोडवून घेतला. एमलिनच्या तळव्याला चार बोटांची टोके लागली, त्याच्या स्वतःच्या बोटांसारखी घट्टे पडलेली.

"नाव गर्शोन," तो म्हणाला. "आणि तुझ्यासाठी नाही केलं. महिनाभर रेडिओवर माझी बोटं तुझ्या नावानं वाजतायत. आज त्यांना तुझं तोंड लावू द्यायचं नव्हतं मला."