वाफेची नळी

घरासाठी एस्प्रेसो मशीन घ्यायला मी आईबाबांना दुकानात घेऊन गेले आणि तासाभरात सेल्समन घामाघूम झाला. बाबांचा सगळा जन्म असली मशीनं दुरुस्त करण्यात गेलेला, त्यामुळे एकही त्यांच्या पसंतीस उतरेना. एकाचं हँडल लेचंपेचं, दुसऱ्याची टाकी म्हणजे नुसतं खेळणं.

शेवटी सेल्समनने ठेवणीतलं मशीन पुढे केलं. "काका, हे डोळे झाकून घ्या. वर्षानुवर्षं मेकॅनिकचं तोंड बघावं लागणार नाही."

"मग नकोच," आई म्हणाली आणि स्वतःच हसली.

लग्नाआधी ती एका कॅफेत काउंटरवर होती. तिथल्या मशीनची वाफेची नळी दर आठवड्याला गळायची, दुरुस्तीला बाबा यायचे आणि तिथेच दोघांचं जमलं, एवढं मला ऐकून माहीत होतं.

"काय भिकार मशीन असेल ते!" मी म्हटलं.

"त्याला नावं ठेवू नकोस. चांगलं ठणठणीत होतं." आईने आवाज खाली आणला. "नळीचा नट मीच ढिला करून ठेवायचे. यांना अजून पत्ता नाही."

बाबा एका मशीनखाली डोकं घालून काहीतरी चाचपत होते. तिथूनच म्हणाले, "दुसऱ्याच खेपेला तुझं नख तुटलेलं दिसलं. तेव्हापासून मी तो नट पान्याने आवळायचं सोडून दिलं. नुसता बोटांनी बसवून जायचो."