एक जागा पुढे

ती आंघोळ करून येईपर्यंत नवऱ्याचं मत बदललेलं होतं.

"मी काय म्हणतो," लॅपटॉपवरची नजर न काढता तो म्हणाला, "तू नव्या कंपनीत जा. मी जुन्या कंपनीत जातो."

डोक्याला गुंडाळलेला टॉवेल तिने सोडला. दोघंही एका छोट्या विमान कंपनीत को-पायलट होते, आणि दोघांनाही दोन मोठ्या कंपन्यांकडून बोलावणं आलं होतं. संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता. काल जेवताना सगळं ठरलं होतं. दोघांनी जुन्या कंपनीत जायचं. मोठी विमानं, लांबचे पल्ले, रुजू व्हायचा दिवसही एकच. नव्या कंपनीची तर त्यानेच खिल्ली उडवली होती. ती विमान कंपनी नाही, बससेवा आहे म्हणाला होता.

"एका रात्रीत काय झालं?"

"काही नाही गं. उद्या जुनी कंपनी बुडाली तर दोघंही एकदम घरी बसू. एक इकडे, एक तिकडे असलं म्हणजे घर तरी चालू राहतं."

बोलणं अगदी शहाण्या माणसाचं होतं.

"बरं," ती म्हणाली. "मग तू जा नव्या कंपनीत. मी जाते जुनीत."

इथे मात्र घोडं पेंड खाऊ लागलं. त्याने कॉफीचा कप उचलला, रिकामा आहे हे बघून परत ठेवला.

"तुला माहितीये, मोठं विमान उडवायचं हे माझं किती वर्षांचं स्वप्न आहे."

"आणि माझं?"

"तुझं काय, तू कुठेही चमकशील."

नवरे अशी स्तुती सकाळी सकाळी उगाच करत नाहीत. ती समोरच्या खुर्चीत बसली. "खरं सांग. कुणाशी बोललास?"

जुन्या कंपनीत गेल्या वर्षी लागलेल्या एका मित्राला त्याने फोन केला होता. मित्राने तिथे सेवाज्येष्ठतेचे नंबर कसे देतात ते सांगितलं. पायलटच्या धंद्यात हा नंबर म्हणजे सर्वस्व. कॅप्टन कधी होणार, कुठलं विमान मिळणार, सुटी कुणाला आधी, सगळं त्यावर. विमान कितीही सफाईने उतरवा, नंबर हलत नाही. पुढचा कुणी निवृत्त होईल तेव्हाच सरकायचं. कंपनी बदलली तर पुन्हा रांगेच्या शेपटाला.

"एकाच दिवशी रुजू झालो, तर जो वयाने मोठा त्याचा नंबर आधी," तो म्हणाला. "म्हणजे तू माझ्यापुढे."

ती त्याच्यापेक्षा पाच महिन्यांनी मोठी होती. लग्नात सासूबाईंनी 'दोघं एकाच वयाची' असं सांगून सगळ्या नातेवाइकांची समजूत घातली होती. कंपनीची समजूत त्यांना घालता येणार नव्हती.

"एका जागेने पुढे," ती म्हणाली. "फक्त एका."

"एक पुरते. कॅप्टनची एकच जागा सुटली की तू डाव्या खुर्चीत आणि मी आहे तिथेच, उजवीकडे. त्यात कधी एकाच विमानावर ड्यूटी लागली तर? बायको कॅप्टन आणि नवरा तिच्या हाताखाली!"

"मग काय झालं?"

"लोक हसतील."

तिला राग आला, आणि रागापेक्षाही लाज वाटली, त्याची. याच माणसाने परीक्षांच्या वेळी तिच्यासोबत रात्री जागवल्या होत्या, तिला पहाटे उठवून प्रश्न विचारले होते. तो असा नाही, असं अजूनही तिच्या मनाला वाटत होतं. म्हणून तिने एकदा विचारून पाहिलं.

"मग असं करू. मी एक बॅच मागे राहते. म्हणजे तू पुढे."

वेडी आहेस का, असं तो म्हणेल याची ती वाट बघत होती.

"चालेल त्यांना?" त्याने लगेच विचारलं. "पुढची बॅच कधी आहे गं?"

त्याचा चेहरा कसा उजळला होता! तिने तो नीट बघून घेतला. मग लॅपटॉप आपल्याकडे ओढला, ठरलेल्या दिवशी रुजू होते असं जुन्या कंपनीला लिहिलं आणि त्याच्यादेखत पाठवून दिलं.

"आता तुझं तू ठरव," ती म्हणाली आणि केस वाळवायला आत गेली.

दुपारभर तो गॅलरीत येरझाऱ्या घालत होता. संध्याकाळी त्याने होकार कळवला. बससेवेला. त्यानंतर जेवायला बसेपर्यंत त्याला नव्या कंपनीत इतके गुण सापडले, की जुनीत माणसं जातात तरी कशाला, असं एखाद्याला वाटावं. ती ऐकत राहिली.

जेवताना सासूबाईंचा फोन आला. हात खरकटा होता म्हणून त्याने स्पीकर लावला.

"काय ठरलं रे?"

"मी नव्या कंपनीत जातोय, आई. जुनी तिच्यासाठी सोडली. दोघांनी एकाच ठिकाणी असणं बरं नाही. आणि तिला मोठ्या विमानांची फार हौस."

पलीकडे सासूबाईंना कौतुक आवरेना. "मोठ्या मनाचं हो माझं लेकरू! स्वतःचं स्वप्न बायकोला द्यायला छाती लागते. सूनबाई, ऐकतेस ना?"

"ऐकतेय, आई."

"त्याचे हे उपकार विसरू नकोस हो."

नवरा ताटात डोकं घालून जेवत होता. तिने फोन थोडा आपल्याजवळ सरकवला.

"नाही, आई," ती म्हणाली. "जन्मभर नाही विसरणार."