रिकामा चाप

"बोट काढा साहेब!"

प्रयागबाई एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की ठाण्याच्या व्हरांड्यात बसलेली वीस-बावीस माणसं एकदम उठून उभी राहिली. तरुण फौजदाराचं बोट रायफलीच्या चापावर होतं तिथंच थांबलं.

निवडणुकीची आचारसंहिता लागली होती. तालुक्यातल्या परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होत होत्या, आणि यंदा त्या तपासायला पुण्याहून पोलिसांच्या शस्त्रागारातला एक वयस्कर आर्मररही आला होता. ज्या बंदुकीपुढं तो 'निकामी' असं लिहील, ती पुन्हा घरी जाणार नव्हती. पिंपरी पेंढारच्या प्रयागबाईंचा नंबर लागला तेव्हा हवालदारानं परवाना वाचला आणि तोंड वाकडं केलं. "नव्वद वर्षांची रायफल हाय ही. भंगारातच गेली म्हणायची." फौजदारानं ती गमतीनं उचलली. चापाभोवतीची लोखंडी कडी सिनेमात करतात तशी खाडकन खाली-वर केली. मागचा, सुईवर आपटणारा घोडा चढला. आता तो नुसता चाप ओढून बघणार होता.

"रिकामी आहे हो आजी," तो म्हणाला. "घाबरू नका. बघितलंय मी."

"रिकामी हाय म्हणूनच वराडले. भरलेली असती तर काय बोलले नसते."

मागं कुणीतरी हसलं. फौजदाराचा चेहरा लाल झाला. "हे पोलीस ठाणं आहे. तुम्हाला बंदुकीतलं काय कळतं?"

प्रयागबाईंनी दोन्ही हात पुढं केले. पासष्ट वर्षांच्या त्या बाईचे हात कांदा खुरपून राकट झालेले होते. फौजदारानं आर्मररकडं बघितलं. आर्मररनं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि म्हणाला, "द्या त्यांना."

त्यांनी रायफल घेतली. नळी भिंतीकडं केली, घोड्यावर अंगठा दाबून धरला, दुसऱ्या हातानं चाप दाबला आणि मुठीतली चिमणी सोडावी तसा घोडा हळूच खाली सोडला. आवाज झाला नाही.

"हिच्या काडतुसाची दारू मधे ठोकून पेटत न्हाई," त्या म्हणाल्या. "काठावर ठोकावं लागतं. काडतूस नसलं की सुई नळीच्या कडेवरच बसती. लोखंडावर लोखंड. चार वेळा बसली की खाच पडती, मग गोळी आत जाता जात न्हाई."

फौजदारानं खुर्ची पुढं ओढली.

प्रयागबाईंनी पर्समधून दोन रुपयांचं नाणं काढलं, बाजूच्या एका स्क्रूच्या खाचेत घालून फिरवलं, आणि रायफलीचे दोन तुकडे टेबलावर वेगळे ठेवले. आर्मरर उठून उभा राहिला. त्यानं नळीचं मागचं तोंड टॉर्चच्या उजेडात धरलं. बराच वेळ बघितलं. मग करंगळीचं नख त्या कडेवरून सावकाश फिरवलं, एकदा, परत एकदा.

"माझ्या नोकरीला तीस वर्षं झाली," तो म्हणाला. "असल्या जुन्या रायफली पुष्कळ हातून गेल्या. खाच नाही अशी ही पहिली. घरात कुणीतरी येतं, हातात घेतं आणि रिकामा चाप ओढतंच."

"आमच्यात बी लई पावणं आलं. थोरले दीर मिलिट्रीत व्हते, त्यांना बी न्हाई ओढू दिला. चार म्हयने बोलले न्हाईत माझ्याशी."

"साफसफाई कोण करतं हिची?"

सासऱ्यांच्या हाताखाली प्रयागबाईंनी ही रायफल पहिल्यांदा उघडली त्याला एकेचाळीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत गावानं सासऱ्यांचा नेम वाखाणला, मग नवऱ्याचा वाखाणला. तेल कोण घालतं हे कुणी विचारलं नव्हतं.

"म्याच," त्या म्हणाल्या. "मालक व्हते तवा बी म्याच. त्यांचा नेम चांगला व्हता, पर हात धसमुसळा."

"उडवता का कधी?" हे फौजदारानं विचारलं. त्याचा आवाज बदलला होता.

"वर्साला पाच गोळ्या. बांधावर डबा ठेवून. तिनं इसरू नये म्हणून."

आर्मररनं तुकडे परत जोडायला त्यांच्याकडंच दिले. मग फौजदाराला म्हणाला, "लिहा. चालू स्थितीत. पुढं लिहा, उत्तम."

"सर, 'चालू' आणि 'निकामी' एवढे दोनच रकाने आहेत."

"समासात लिहा."

फौजदारानं फॉर्म आडवा करून समासात लिहिलं, आणि प्रयागबाईंना वाचता यावं म्हणून त्यांच्याकडं फिरवला. त्यांनी चष्मा लावून तो शब्द वाचला. पुन्हा वाचला, मगच खाली सही केली.

पावती घेऊन त्या व्हरांड्यात आल्या. आळेफाट्याकडं जाणारी सवारीची जीप बाहेर हॉर्न वाजवत होती. पायरीजवळ धनगरवाड्यावरचा यमाजी उभा होता. त्याच्या एकनळी बंदुकीचा दस्ता तारेनं बांधलेला होता आणि नळीवर तांबूस गंज चढला होता. त्यानं ती दोन्ही हातांवर आडवी धरून पुढं केली.

"आक्का, नंबर यायच्या आत माझी बी बघता का वाईच?"

त्याच्या मागं आणखी दोघांनी आपापल्या बंदुकांच्या खोळी सोडायला घेतल्या होत्या.

प्रयागबाईंनी जीपवाल्याला हातानंच पुढं जायला सांगितलं आणि पदर कमरेला खोचला.

"हितं काय दिसायचं," त्या म्हणाल्या. "उजेडात आणा."