तीनशे वर्षांचा हुंदका

छडी आपटून वाद्यवृंदाच्या संचालकाने सराव थांबवला. "बाई, या सुरापुढे टिंब आहे, तो लांबवायचा. तीनशे वर्षांपूर्वीच्या संगीतकाराचा हुंदका तो! ग्रंथालयाच्या तळघरात डोळे फोडून हस्तलिखित उतरवलंय मी!" वादकांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. उंच पट्टीत गाणाऱ्या सोप्रानो गायिकेला हसू आवरेना. जुन्या रचना गाण्यात तिची हयात गेली होती. दोन हिवाळे कुडकुडत ते हस्तलिखित तिनेच उतरवलं होतं. या दीडशहाण्याने "जरा बघतो" म्हणत तिची वही नेली, झेरॉक्स काढली आणि स्वतःच्या नावावर छापून मोकळा झाला. तिने पिशवीतून तीच वही काढली आणि सातवं पान त्याच्या नाकाखाली धरलं. टिंब होतं, पण तपकिरी. "मूळ हस्तलिखितात टिंबच नाही, सर. माझी कॉफी सांडली होती. घ्या, वास घेऊन बघा." मग वादकांकडे वळली. "चला, पुन्हा पहिल्यापासून. हुंदका वगळून."