घरपट्टीवरचं नाव

अजीज कल्हईवाल्याने विहिरीचा विषय काढला आणि चावडीसमोरची सभा सरसावून बसली. "तीन वरीस व्हयनात, आपली हीर उपसेल नही," तो म्हणाला. "बाया गाळनं पानी भरतस. माले निवडी द्या. पयल्या म्हैनाम्हा गाळ काढसू, नही ते मन्हा भाता इकी टाकसू!"

टाळ्या पडल्या. शहाद्याच्या म्युनिसिपालटीची निवडणूक होती आणि त्या गल्लीच्या एका जागेसाठी दोनच उमेदवार होते. दुसरा वहाब दाणेवाला. गेल्या खेपेला तो बिनविरोध निवडून आला होता आणि तीन वर्षांत विहिरीत एकदा डोकावलाही नव्हता. अजीजला मात्र ती जागा मनापासून हवी होती. जन्मभर लोकांची भांडी चकचकीत केली, आता एकदा गल्लीचं पाणी नितळ करायचं, एवढीच त्याची हौस होती.

वहाब उठला. बोलण्यापेक्षा खाकरण्यातच त्याचा जास्त वेळ जाई. "भाषन झकास व्हयनं. पन मास्तर, कायदा काय म्हनस? घरपट्टी ज्याना नाववर, तोच उभा ऱ्हाई सकस ना? मंग जरा यादी दखा. अजीजनं नाव कथं शे?"

सभेचे अध्यक्ष नवल मास्तर. म्युनिसिपालटीची मतदारयादी त्यांच्याच पुढ्यात होती. त्यांनी बोट फिरवलं, पान उलटलं, चष्मा पुसला आणि पुन्हा बोट फिरवलं. "घर नंबर एकशे नव्वद," ते ओशाळून म्हणाले, "अख्तरबानो. अजीजभाई, तुमचं नाव यादीत नाही."

सभा खो खो हसली. अजीजच्या तोंडचं पाणी पळालं. निकाहाच्या वेळी काजीसाहेबांनी त्याला नवरीला मेहर काय देणार म्हणून विचारलं होतं. दुसरे नवरदेव रुपये सांगतात. हा पठ्ठ्या ऐन भरात म्हणाला, "घर दिन्हं!" अख्तरबानोच्या नावाने कागद झाला, शिक्का बसला, आणि पुढे बावीस वर्षं घरपट्टी भरताना पावतीवरचं नाव वाचायची त्याला एकदाही बुद्धी झाली नाही. पावती तारेत खोचली की त्याचं काम संपलं. आता रडूच कोसळेल असं त्याला वाटलं. तो बाकावर बसला.

बायकांची बसायची जागा एका बाजूला, बांबूच्या चिकाच्या पडद्याआड होती. तिकडून आवाज आला. तो आपल्याच बायकोचा आहे हे कळायला अजीजला एक क्षण लागला, कारण इतक्या माणसांत तो त्याने कधी ऐकलाच नव्हता.

"मास्तर, मन्हं नाव यादीम्हा शे, मंग मीच उभी ऱ्हायनू ते चाली का?"

मास्तर गडबडले. कायद्याने बायकांना मत मिळून काही वर्षं झाली होती, उभं राहायलाही आडकाठी नव्हती, पण शहाद्यात हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. "चालेल," ते म्हणाले. "पण अर्ज आज पाचाच्या आत यायला हवा आणि साडेचार वाजलेत. शिवाय सूचक पाहिजे. याच गल्लीतला, यादीत नाव असलेला."

वहाब गालातल्या गालात हसला. अर्धी गल्ली त्याच्याच दुकानातून दाणे नेई, त्याच्या विरोधात कोण पुढे येणार? पुरुष आपापल्या पायांकडे बघू लागले. अजीजला मात्र राहवेना. आपलं गेलं ते गेलं, पण ही विहिरीसाठी चारचौघांत उभी राहते म्हणते, या विचाराने त्याचा ऊर भरून आला होता. तो ताडकन उठला. "कोनी तरी या ना पुढे! ती मन्हापेक्षा चांगली बोलस. आजनं भाषन बी तिनंच शिकाडेल शे!"

पडद्याची कड सरकली आणि एक म्हातारी काठी टेकत बाहेर आली. ती अमिनाबी, वहाबची आई. "मन्हा अंगठा ल्या," ती म्हणाली. "तीन वरीस व्हयनात, पोऱ्याले सांगस, हीर उपस. त्याना कान दुकानम्हाच ऱ्हातस."

"अम्मा!" वहाब किंचाळला. "दोनशे बारा नंबरनं घर मन्हं शे. यादीम्हा तुन्हं नाव कथाईन ई?"

मास्तरांचं बोट पुन्हा यादीवरून चाललं. दोनशे बारावर येऊन थांबलं, आणि त्यांच्या मिशीत हसू फुटलं. "अमिनाबी," त्यांनी वाचलं. "या घराचं दुसरं नावच नाही, वहाबशेठ. गेल्या खेपेला यादी कोणी उघडली नव्हती. आज तुम्हीच उघडायला लावलीत. तुमचाही अर्ज बाद. आता या जागेला अर्ज एकच, अख्तरबानोचा."

अजीजने दोन्ही हात उंच करून टाळी वाजवली आणि मग सगळी सभाच उठली. मास्तरांनी शाईचा पॅड पुढे केला, अमिनाबीने अंगठा उमटवला. वहाब तेवढा जागच्या जागी उभा होता. अजीज हसत हसत बाकावर बसला आणि थोडा सरकला.

अमिनाबीने ती शेजारची जागा मुलाला काठीने दाखवली. "तुन्हा बापनी बी मेहरम्हा घरच दिन्हं व्हतं, बेटा. तू बी बस तठे."